अर्ध्या पुराव्याला अर्धी शिक्षा: इंदूरच्या एका गोलकीपरचं प्रकरण

हे लिहायचं की नाही यावर मी बरेच दिवस अडलो होतो. मुलगा अजून खेळतो, त्याची आई अजून बाजारात भेटते. शेवटी त्यालाच विचारलं, तो म्हणाला लिहा काका, फक्त नाव नको. म्हणून यात कोणाचंच नाव नाही, क्लबांचं नाही, टूर्नामेंटचं नाही, वर्षसुद्धा नाही. एका स्थानिक फुटबॉल टूर्नामेंटमध्ये या मुलावर, एका गोलकीपरवर, मॅच विकल्याचा आरोप झाला. त्यावर निकाल देणाऱ्या तीन जणांच्या शिस्त समितीत मी होतो, आणि पहिला चुकीचा निर्णय माझ्याच तोंडून निघाला.

पार्श्वभूमी

इंदूर म्हटलं की लोकांना क्रिकेट आठवतं, होळकरांची रणजी टीम, सी. के. नायडू, आणि ते बरोबरच आहे. पण महू इथून तासाभरावर, लष्कराची जुनी छावणी, तिथल्या पोरांच्या पायात फुटबॉल आहे, आणि या पट्ट्यात हिवाळ्यात ज्या टूर्नामेंटा होतात त्यात बरीच मुलं पैसे घेऊन खेळतात. मॅचमागे सातशे-हजार रुपये, पेट्रोल, आणि नंतर पोहे-जिलबी, एवढंच. पण त्यात कोणाचे बूट येतात, कोणाची कॉलेजची फी निघते, आणि मुख्य म्हणजे बाहेरच्या प्रोफेशनल क्लबांच्या ट्रायलला नावं इथूनच जातात. त्यामुळे इथली बंदी कागदावर लहान दिसली तरी बावीस वर्षांच्या मुलाला ती लहान नसते.

आपला कीपर बावीसचाच. मराठी घर, वडील नाहीत, आई डबे करते. त्या हिवाळ्यात त्याला बाहेरच्या एका क्लबकडून ट्रायलचा निरोप आला होता, तारीखही ठरली होती.

टूर्नामेंट सोळा टीमची, चार-चारचे गट, प्रत्येक गटातून दोन पुढे. कीपरची टीम पहिल्या दोन मॅच जिंकून बसलेली, गोल डिफरन्स (मारलेल्या आणि खाल्लेल्या गोलांतला फरक) इतका चांगला की शेवटची हरले तरी पुढे जाणारच. समोरच्या टीमला मात्र तीन गोलांनी जिंकणं भाग होतं, नाहीतर तिसरी टीम पुढे जात होती. आणि त्या तिसऱ्या टीमची मॅच सकाळीच संपलेली, म्हणजे संध्याकाळी मैदानात उतरलेल्या सगळ्यांना नेमका आकडा माहीत होता. ही गोष्ट आम्हाला तेव्हा अजिबात खटकली नाही.

काय झालं

हाफ टाइमला १-१. शेवटच्या अठरा मिनिटांत तीन गोल, निकाल ४-१, बरोबर तीनचा फरक. पहिला लांबून मारलेला साधा फटका, कीपरच्या अंगाखालून गेला. दुसऱ्याला तो लाइन सोडून पुढे आला आणि बॉल डोक्यावरून आत. तिसरा सगळ्यात वाईट, बॉल हातात होता आणि त्याने तो थेट समोरच्या फॉरवर्डच्या पायात फेकला.

बाहेर पडलेल्या टीमने रात्रीच लेखी तक्रार दिली, दोन हजार प्रोटेस्ट फी भरून. सोबत अठ्ठेचाळीस सेकंदांची क्लिप, तिन्ही गोल एकाला एक जोडलेले, आणि एक स्क्रीनशॉट: मॅचच्या दोन दिवस आधी समोरच्या टीमच्या मिडफिल्डरने कीपरला यूपीआयने आठ हजार पाठवलेले. हा मिडफिल्डर म्हणजे कीपरचा सख्खा मावसभाऊ.

सोमवारी सकाळपर्यंत क्लिप शहरभर. मी इंदूरच्याच छावनी भागात चहा प्यायला थांबलो तर दुकानातला मुलगा म्हणाला, भिया, कीपर तो बिक गया. मला कबूल करायला हवं की मी तेव्हा त्याला काही बोललो नाही, कारण क्लिप पाहून माझ्याही मनात तेच आलं होतं.

अडचण काय होती

बुधवारी क्वार्टर फायनल, म्हणजे निकाल द्यायला सोमवारची एकच रात्र. आयोजकांवर दबाव, प्रायोजक फोन करत होते, आणि त्यांचं म्हणणं एकच, असं काहीतरी करा की पुढे दहा वर्षं कोणाची हिंमत होणार नाही. समितीत मी, महूचे निवृत्त सुभेदार साहेब जे स्वतः कीपर होते, आणि वकील ताई. बैठक ताईंच्या घरी, रामबागेत.

आमच्याकडे मुलाचं लेखी म्हणणं चार ओळींचं होतं: मी काही केलं नाही, पैसे भिशीचे आहेत, बॉल दिसला नाही, माफ करा. भिशीचे आहेत हे वाचून आमच्यातल्या कोणालाही वही मागवायचं सुचलं नाही. रेफरीचा रिपोर्ट फाइलमध्ये होता, तोही त्या रात्री कोणी उघडला नाही. उघडला असता तर दिसलं असतं की रेफरीने संशयास्पद असं काहीच नोंदवलेलं नव्हतं.

समोर कोणते पर्याय होते

आयोजकांपैकी एक गृहस्थ चिलीच्या रोहासचं उदाहरण घेऊन आले होते. त्याला जन्मभराची बंदी दिली ना, मग याला का नाही. ते प्रकरण थोडं नीट सांगतो कारण आमच्या बैठकीत ते अर्धवट सांगितलं गेलं. ३ सप्टेंबर १९८९, रिओचं माराकाना, वर्ल्ड कप पात्रतेची मॅच, ब्राझील १-० ने पुढे. प्रेक्षकांतून एक पेटती नळी मैदानात पडली, आणि चिलीचा कीपर रॉबेर्तो रोहास तोंड धरून कोसळला, रक्त वाहतंय, चिलीची टीम त्याला उचलून मैदान सोडून गेली. मग फोटो बाहेर आले, नळी त्याला लागलीच नव्हती, बाजूला पडली होती. ग्लोव्हमध्ये लपवलेल्या ब्लेडने त्याने स्वतःलाच कापलं होतं आणि पुढे त्याने ते कबूलही केलं. फिफाने, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, त्याला जन्मभर बंद केलं, ती बंदी २००१ मध्ये उठली, तोवर त्याची चाळिशी उलटलेली. इथे फोटो आहे, कबुली आहे, हेतूबद्दल शंका नाही. शिक्षा कडक होती, पण कशाची शिक्षा हे जगाला स्पष्ट होतं. आमच्याकडे तसं एकही नव्हतं. आणि त्याच निकालात चिलीला १९९४ च्या वर्ल्ड कपमधूनही बाहेर ठेवलं, म्हणजे ज्या पोरांनी ग्लोव्हला हातसुद्धा लावला नव्हता त्यांचाही वर्ल्ड कप गेला. हे मला तेव्हाही अन्याय वाटत होतं आणि आजही वाटतं.

दुसरा पर्याय, समोरची टीमच बाद करायची. इथे इटलीचं २००६ चं प्रकरण निघालं, क्लबांनी रेफरींच्या नेमणुकांवर दबाव आणल्याचं. ज्युवेंटसला खालच्या लीगमध्ये ढकललं, दोन लीग विजेतेपदं काढून घेतली. पण तिथलाच दुसरा भाग कोणी सांगत नाही: ज्युवेंटसचे आधी ३० गुण वजा, अपिलात ते १७ झाले, शेवटी ९. कृत्य तेच, आकडे तीन. आणि त्याच प्रकरणात गुण कापले गेलेली एसी मिलान ही टीम अपिलानंतर युरोपात खेळायला मोकळी झाली आणि २००७ ची चॅम्पियन्स लीग जिंकून आली. ज्याच्याकडे अपिलाला जायची ताकद आहे त्याची शिक्षा वितळते, हे मोठ्या फुटबॉलचं वास्तव आहे. आमच्या स्पर्धेत तर अपिलाची तरतूदच नव्हती. ताई म्हणाल्या, जिथे अपील नाही तिथे पहिल्या निकालालाच दुप्पट वेळ द्यायला हवा, आणि आपण निम्मा देतोय. मी हे ऐकलं आणि पुढे गेलो.

तिसरा पर्याय, काहीच न करणं. सुभेदार साहेबांनी गोव्याची आठवण काढली, २००४ साली तिथल्या खालच्या डिव्हिजनमध्ये पुढच्या लीगमध्ये जायच्या शर्यतीत एक मॅच ६१-१ अशी संपली आणि दुसरी ५५-१, चारही क्लबांवर बंदी आली. तिथे स्कोअरच बोलत होता. ४-१ स्वतःहून काही बोलत नाही, अशी मॅच दर रविवारी होते.

चौथा पर्याय ताईंचा: निकाल देऊच नका, चौकशी चालू आहे असं लिहा, मुलाला खेळायचं तर खेळू द्या, आठवड्याने बसू. आयोजक याला अजिबात तयार नव्हते. खेळला आणि परत गोल खाल्ला तर लोक मैदान पेटवतील म्हणाले.

पहिला निर्णय

रात्रीचे साडेअकरा झाले होते. जन्मभराची बंदी आम्हाला तिघांनाही जड वाटत होती, सोडून देणं आयोजकांना जड वाटत होतं, आणि मी म्हटलं, सहा महिने देऊ. शब्द घातला ‘संशयास्पद वर्तन’. सुभेदार साहेबांनी मान हलवली, ताईंनी सही करताना विचारलं, हे सहा महिने नक्की कशाचे? मी म्हटलं, पुरावा अर्धा आहे म्हणून शिक्षाही अर्धी.

मला ते वाक्य तेव्हा समजूतदारपणाचं वाटलं होतं. घरी जाताना हलकंही वाटत होतं, कारण कोणीच पूर्ण नाराज नव्हतं.

पण त्याचा अर्थ काय होतो ते बघा. मुलाने मॅच विकली असेल तर सहा महिने म्हणजे थट्टा, दुसऱ्या हिवाळ्याला तो परत गोलमध्ये उभा. आणि विकली नसेल तर सहा महिने काय, एक दिवसही जास्त. अशी कुठलीच शक्यता नाही जिच्यात सहा महिने बरोबर ठरतात. किती खात्री आहे हा प्रश्न दोषी आहे की नाही ते ठरवताना संपायला हवा, शिक्षेचा आकडा ठरवताना तो परत आत आणायचा नसतो. मोठ्या फुटबॉलमध्ये निदान कागदावर तरी हे वेगळं ठेवतात. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादात मॅच फिक्सिंगची प्रकरणं येतात तेव्हा आधी मंडळाचं मन पुरेसं आश्वस्त झालंय का हे बघतात, आरोप जितका गंभीर तितकी ती खात्री भक्कम लागते. नाही झालं तर प्रकरण तिथेच थांबतं.

लुकास पाकेटाचं प्रकरण इथे आठवतं. तेव्हा इंग्लंडच्या वेस्ट हॅम क्लबकडून खेळणारा ब्राझिलियन खेळाडू, मे २०२४ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने, एफएने, त्याच्यावर आरोप ठेवले की चार मॅचमध्ये बेटिंगसाठी मुद्दाम यलो कार्ड घेतली. पण सुनावणी होईपर्यंत तो खेळत राहिला, आणि जुलै २०२५ मध्ये निकाल आला की फिक्सिंगचे आरोप सिद्ध होत नाहीत. तपासाला सहकार्य न केल्याचा भाग तेवढा सिद्ध धरला गेला. म्हणजे मोठा आरोप सिद्ध झाला नाही म्हणून त्याची छोटी शिक्षा, असं केलं नाही, जे सिद्ध झालं तेवढंच वेगळं काढलं. तरी चौकशीच्या बातमीनेच २०२३ मध्ये त्याचं मँचेस्टर सिटीला जाणं हुकलं होतं, ते परत कोणी दिलं नाही. आरोपाची स्वतःची एक शिक्षा असते आणि ती कुठल्याच समितीच्या हातात नसते, म्हणून निदान हातात आहे तेवढी तरी विचार करून द्यायची. आमच्या मुलाकडे वकील नव्हता, एजंट नव्हता, चार ओळींचा कागद होता, आणि आम्ही त्याला सुनावणीच्या आधीच बाहेर बसवलं.

वही आली

शुक्रवारी सकाळी कीपरची मावशी ताईंच्या दारात. हातात शाळेची एकेरी वही, प्लॅस्टिकचं कव्हर घातलेली. भिशीची, ज्याला इथे सगळे बीसी म्हणतात. नातेवाइकांतले नऊ जण, महिन्याला हजार. ज्याची पाळी त्याला बाकीच्या आठांचे आठ हजार. कीपरची चिठ्ठी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला निघाली होती, तारीख घातलेली, समोर आठ टिका. पैसे गोळा करून पाठवायचं काम मावसभावाचं, कारण घरात यूपीआय तोच नीट वापरतो, आणि त्याच्या फोनवर आधीच्या महिन्यांत दुसऱ्या दोघांना गेलेले आठ-आठ हजार तसेच दिसत होते.

मावशी रागावल्या नव्हत्या, ते मला जास्त लागलं. त्या एवढंच म्हणाल्या, त्याने लिहिलं होतं ना भिशी म्हणून, मग तुम्ही कोणी विचारायला का नाही आलात?

त्याच संध्याकाळी मी मैदानावर गेलो. सव्वापाचला, जेव्हा त्या मॅचचे शेवटचे गोल झाले त्या वेळेला, आणि दुसऱ्या हाफमध्ये कीपर होता त्या पूर्वेकडच्या गोलमध्ये उभा राहिलो. समोर थेट सूर्य. मैदान जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे, हिवाळ्यातलं ऊन खाली आलेलं, मला अर्ध्या लाइनवरचा माणूस काळी सावली दिसत होता. सहा यार्डांच्या चौकोनासमोर जमीन खचलेली, तिथे बॉल टप्पा खाऊन वेडावाकडा उठतो हे सुभेदार साहेबांनी दुसऱ्या दिवशी पायाने दाबून दाखवलं. समोरच्या कोचला विचारलं तर तो म्हणाला, मीच हाफ टाइमला सांगितलं होतं, लांबून मारा, त्याला दिसत नाहीये.

दोन गोल असे सुटले. तिसरा, तो हाताने फेकलेला, त्याला ऊन नाही, खड्डा नाही. सुभेदार साहेब म्हणाले दोन खाल्ल्यावर कीपरचं डोकं फिरतं, त्यांनी स्वतः असा बॉल फेकलेला आहे. असेल. मला तो गोल आजही समजत नाही, आणि हे लपवून लिहिलं तर या लिखाणाला अर्थ नाही.

इथे अजून एक चूक झाली. वही शुक्रवारी पाहिली, बंदी शुक्रवारीच स्थगित करायला हवी होती, त्याला तिघांच्या सहीची गरज नव्हती, फोनवर झालं असतं. पण आम्ही म्हटलं रीतसर बसू, आणि शनिवारी रात्री बसलो. शनिवारी दुपारी सेमी फायनल होती. त्याची टीम दुसरा कीपर घेऊन पेनल्टीवर हरली.

दुसरा निर्णय

शनिवारी रात्री मुलाला पहिल्यांदा समोर बसवलं. ताईंनी सगळं विचारून झाल्यावर विचारलं, अजून काही सांगायचंय? तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, मॅचच्या आदल्या रात्री अनोळखी नंबरवरून मेसेज आला होता, दुसऱ्या हाफमध्ये हात सैल ठेव, पंधरा हजार मिळतील. त्याने उत्तर दिलं नाही, घाबरून मेसेज उडवला, आणि कोणाला सांगितलं नाही. नंबर त्याच्याकडे आईच्या फोनवर टिपलेला होता. आम्ही फिरवला, बंद. तो नंबर लेखी अर्जासोबत पोलिसांकडे दिला.

हे त्याने स्वतःहून सांगितलं, आम्हाला कधीच कळलं नसतं. आणि इथेच आमचा खरा वाद झाला, पहिल्या रात्रीपेक्षा मोठा.

सुभेदार साहेबांचं म्हणणं, मेसेज आला आणि सांगितलं नाही, हा गुन्हाच आहे, तीन महिने तरी द्या. ते चुकीचं बोलत नव्हते, प्रोफेशनल फुटबॉलमध्ये ऑफर आली आणि कळवली नाही तर त्यालाही शिक्षा आहे. ताई म्हणाल्या, आपल्या नियमावलीत असं कळवायचं कुठे लिहिलंय? कुठेच नव्हतं. मुलांना कोणी कधी सांगितलंही नव्हतं की असं झालं तर कोणाला फोन करायचा. त्यांनी हेन्रीचं उदाहरण दिलं: नोव्हेंबर २००९, फ्रान्स-आयर्लंड, तिएरी हेन्रीने हाताने बॉल अडवला आणि त्यावरून झालेल्या गोलवर आयर्लंड वर्ल्ड कपच्या बाहेर. सगळ्या जगाने पाहिलं. तरी जानेवारी २०१० मध्ये फिफाच्या शिस्त समितीने सांगितलं की अशा हातासाठी नंतर शिक्षा द्यायला नियमात आधारच नाही. राग आला होता मलाही त्या वेळी, पण नियम आधी लागतो आणि शिक्षा नंतर, हे मान्य करावं लागतं, मग समोर हेन्री असो की आमचा कीपर.

आणि न सांगणाऱ्या मुलाची भीती खोटी नसते. १९९३ चं मार्से या फ्रेंच क्लबचं प्रकरण बघा. चॅम्पियन्स लीगची फायनल सहा दिवसांवर असताना फ्रेंच लीगची मॅच होती, समोर व्हॅलेन्सिएन, आणि मार्सेच्या माणसांनी त्यांच्या तीन खेळाडूंना पैसे देऊ केले की मॅच हलकी घ्या. झाक ग्लासमन नावाच्या खेळाडूने ते उघड केलं. पुढे एका खेळाडूच्या नातेवाइकांच्या बागेत पुरलेले अडीच लाख फ्रँक सापडले, मार्सेचं लीग विजेतेपद गेलं, टीम खालच्या डिव्हिजनमध्ये गेली. युरोपचा कप मात्र त्यांच्याकडेच राहिला. आणि ग्लासमनला काय मिळालं, तर मैदानामैदानांत लोकांनी त्याची हुर्यो उडवली. फिफाने त्याला १९९५ मध्ये फेअर प्ले पुरस्कार दिला, पण तो नंतर. खरं सांगणाऱ्या मोठ्या खेळाडूचं जर हे होतं तर डबे करणाऱ्या बाईच्या मुलाने कोणाच्या भरवशावर सांगायचं.

शेवटी दोन विरुद्ध एक. सहा महिन्यांची बंदी पूर्ण रद्द. मेसेज न कळवल्याबद्दल शिक्षा नाही, लेखी समज. सुभेदार साहेबांचं वेगळं मत त्यांच्या शब्दांत नोंदवलं, आणि ते नोंदवलं गेलं हे मला बरं वाटतं.

मग पत्राचा शब्द. मुलाची आई म्हणाली, ‘निर्दोष’ लिहा. आम्ही लिहिलं, ‘आरोप सिद्ध झाला नाही’. कायद्याने बरोबर होतं, तिसरा गोल माझ्या मनात होता. पण आज मला वाटतं त्या वाक्याला अजून एक वाक्य जोडायला हवं होतं: म्हणून या खेळाडूकडे इतर कुठल्याही खेळाडूसारखंच पाहावं. माझ्या मनातली शंका हा माझा प्रश्न होता, त्याचा भार त्याने वाहायचं कारण नव्हतं.

नंतर काय झालं

रविवारी फायनलच्या दिवशी पत्र निघालं. ग्रुपवर टाकलं, क्लिपच्या एक दशांशही कोणी पुढे पाठवलं नाही. बुधवारी ट्रायल होती. मंगळवारी तिकडून फोन आला, आम्ही ऐकलंय तुझ्याबद्दल, यंदा राहू दे. ताईंनी त्या क्लबला स्वतः पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरा कीपर घेतला होता.

समोरची टीम क्वार्टर फायनलमध्येच हरली. तक्रार करणाऱ्या टीमचे दोन हजार आम्ही परत केले, कारण त्यांनी जे दिसलं ते नेमाने लेखी मांडलं होतं, यात त्यांचा काही दोष नव्हता. पण स्क्रीनशॉट त्यांच्याकडे कसा आला हे आम्ही फार उशिरा विचारलं. तो कीपरच्याच क्लबातल्या एका मुलाने दिला होता, भिशीचा हे माहीत असूनही. त्या मुलावर काय करायचं यावर समितीचं एकमत झालं नाही आणि काहीच झालं नाही, ही गोष्ट मला अजून टोचते.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात आधी वेळापत्रक. १९८२ च्या वर्ल्ड कपमध्ये स्पेनमधल्या गिहोनला पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया खेळले, त्याच गटातल्या अल्जीरियाची मॅच आदल्या दिवशीच झालेली. जर्मनीने १-० केल्यावर दोन्ही टीम जवळजवळ नुसत्याच मैदानात फिरत राहिल्या, कारण तेवढ्या स्कोअरवर दोघीही पुढे जात होत्या, आणि अल्जीरिया बाहेर गेली. शिक्षा कोणालाच झाली नाही. पण पुढच्या वर्ल्ड कपपासून गटातल्या शेवटच्या मॅच एकाच वेळी व्हायला लागल्या. आमच्याकडे मैदान एकच, तरी आम्ही शेजारच्या शाळेचं मैदान मागून घेतलं आणि आता शेवटच्या दोन मॅच एकत्र सुरू होतात. मध्ये दोरी बांधावी लागते, बॉल इकडचा तिकडे जातो, पण नेमका आकडा कोणालाच आधी माहीत नसतो.

दुसरं, आरोप झालेल्या मुलाला समोर बसवल्याशिवाय सही नाही. एवढा एक नियम असता तरी सोमवारी रात्री भिशीची वही आली असती. तात्पुरतं बाहेर ठेवायचंच झालं तर एका मॅचपुरतं, आणि त्याला शिक्षा म्हणायचं नाही, तसं पत्रात स्पष्ट लिहायचं. आणि नवीन कागद आला की जुनी ऑर्डर त्याच दिवशी थांबवायची, बैठक नंतर होईना का.

तिसरं, मेसेज आला तर कोणाला सांगायचं ते आता फॉर्मवरच छापलंय, दोन फोन नंबर, एक ताईंचा. सांगणाऱ्याचं नाव बाहेर जाणार नाही हेही लिहिलंय. पहिल्या वर्षी कोणाचाच फोन आला नाही, दुसऱ्या वर्षी एक आला.

अपील अजून नाही. दर वर्षी मी विषय काढतो, दर वर्षी आयोजक म्हणतात एवढ्याशा टूर्नामेंटला अपील कशाला. मी त्यांना त्या मुलाचा हुकलेला ट्रायल सांगतो, ते मान हलवतात आणि विषय पुढे जातो. मी काढत राहणार आहे.

दुसऱ्या वर्षी तो दुसऱ्या क्लबकडून आला. सकाळी नाव नोंदवायच्या टेबलावर मीच बसलो होतो. आमच्या फॉर्ममध्ये जुना एक रकाना होता, यापूर्वी शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का. तो पेन धरून थांबला आणि म्हणाला, काका, इथे काय लिहू? मी म्हटलं, नाही लिही. त्याने ‘नाही’ लिहिलं, आणि पुढे कंसात आमच्या दुसऱ्या पत्राची तारीख टाकली.